शेंदराखालची रेघ

गाडीच्या अंगावर रेघ ओढताना श्वास घ्यायचा नसतो. हे सांगितलं की लोक हसतात, म्हाताऱ्यानं पुन्हा थाप मारली म्हणतात. पण पुढच्या दिव्यापासून मागच्या मडगार्डापर्यंत नुसत्या ब्रशनं, एका दमात सुताएवढी रेघ न्यायची तर छाती हलून चालत नाही. छाती हलली की खांदा हलतो, खांदा हलला की मनगट, आणि मग रेघेला पोट सुटतं. पोट सुटलेली रेघ पुसून पुन्हा ओढण्यावाचून इलाज नसतो. लोणावळ्यात जुन्या मुंबई-पुणे रस्त्याच्या कडेला, एका पत्र्याच्या शेडमध्ये, माझी उमेदीची सगळी वर्षं अशी श्वास रोखण्यात गेली. आता दम्यानं श्वास आपोआप रोखला जातो, पण रेघ ओढून घ्यायला कुणी येत नाही. हल्ली ती गुंडाळीतून सोडवून चिकटवतात. दोन पावसाळे गेले की तिचं टोक सुटतं आणि गाडी पळताना फडफडतं. मला ते बघवत नाही, म्हणून मी रस्त्याकडे पाठ करून बसतो.

त्याआधी मी देहूरोडला लष्कराच्या डेपोत रंगारी होतो. तिथे रंग एकच, हिरवा. ट्रक हिरवा, जीप हिरवी, पाण्याची टाकी हिरवी. आमच्यातल्या एकानं तर घाईघाईत स्वतःच्या जेवणाचा डबाही हिरवा करून टाकला होता. माझ्या शेजारी कोल्हापूरकडचे एक वयस्कर पेंटर कामाला होते. मी त्यांना आबा म्हणायचो. पूर्वी त्यांनी एका संस्थानाच्या बग्ग्यांवर आणि मोटारींवर रेघा ओढल्या होत्या. संस्थान गेलं, बग्ग्या गेल्या आणि आबा हिरव्या रंगाला लागले. जेवणाच्या सुट्टीत भाकरी झटपट संपवून ते भंगारातला एक पत्रा मांडीवर घ्यायचे आणि त्यावर रेघा ओढत बसायचे. सुट्टी संपायच्या आत चिंधीनं सगळं पुसून टाकायचे. एकदा मी विचारलं, ओढता कशाला आणि पुसता कशाला? म्हणाले, “हात विसरू नये म्हणून ओढतो आणि साहेबाला दिसू नये म्हणून पुसतो.”

मी त्यांच्याकडूनच शिकलो. खारीच्या शेपटीच्या केसांचा बोटभर लांब ब्रश रंगात बुडवायचा, करंगळी गाडीच्या कडेला टेकवायची आणि हात स्वतःकडे खेचत मागं मागं चालत जायचं. आबा रिटायर झाले तसं माझंही तिथं मन लागेना. मी डेपो सोडला. सरकारी नोकरीवर लाथ मारली म्हणून वडिलांनी माझ्याशी बोलणं टाकलं, ते पुढे कितीतरी दिवस.

बाहेरच्या माणसाला रेघ म्हणजे नटवेगिरी वाटते. पण त्या काळी विलायतेहून येणाऱ्या मोटारींना कारखान्यातच रेघ ओढलेली असायची आणि ते काम करणारी माणसं तिथेही वेगळी असायची. प्रत्येक कंपनीची तऱ्हा निराळी. कुणाची एकच जाड, कुणाच्या दोन बारीक, कुणाची बॉनेटच्या नाकाशी येऊन निमुळती होणारी, तर कुणाची वळसा घेऊन परत फिरणारी. जुनी गाडी पुन्हा होती तशी करायची, तर इंजिनवाला पार्ट शोधतो, गादीवाला कापड शोधतो आणि मी रेघ शोधायचो. अंगाचा मूळ रंग शोधणं सोपं असतं. सीटखाली, डिकीच्या आत, कुठेतरी तो लपून राहिलेला सापडतोच. रेघ मात्र फक्त अंगावर असते, चार लोकांच्या नजरेसमोर. गाडी पहिल्यांदा घासून रंगवली की तिची रेघ गेली म्हणून समजावं.

गिऱ्हाइकंही एकेक वल्ली. एका चिक्कीवाल्याला त्याच्या व्हॅनवर गुळाच्या रंगाची रेघ हवी होती. नमुना म्हणून त्यानं चिक्कीचा तुकडाच आणून दिला. काम झाल्यावर नमुना मी खाऊन टाकला. पुढच्या वर्षी त्यानं दुसरी व्हॅन घेतली आणि नमुन्याची चौकशी केली, तेव्हा माझी पंचाईत झाली. तुंगार्लीचे एक पेन्शनर स्कूटर घेऊन आले आणि म्हणाले, फक्त डाव्या अंगाला रेघ ओढा. बायको मागे डावीकडे तोंड करून बसते, सासुरवाडीची माणसं त्याच बाजूनं बघतात, मग उजवीकडे खर्च कशाला? मी तशीच ओढून दिली. पण ज्या कामाची आठवण आली की आजही हातातलं काम राहून जातं, ते काम मालतीबाईंच्या मोटारीचं.

साठ ते सत्तरच्या मधली कधीतरीची गोष्ट. लोणावळ्याच्या पावसात आमचा धंदा बंदच असतो. हवेत इतका ओलावा, की मारलेला रंग वाळायच्या आधी पांढुरका पडतो. गणपती गेले, नवरात्र आलं की मग आम्ही शेडचं दार उघडायचो. त्या वर्षी दार उघडल्यावर पहिली आली ती ही मोटार, वलवणच्या बाजूनं, बैलजोडी लावून ओढत आणलेली. गाडी विलायती, एकोणीसशे तीस-बत्तीसच्या सुमाराची, काळी ठिक्कर. मागून टांग्यातून मालतीबाई आल्या. मुंबईत कॉलेजात शिकवायच्या, चाळिशी ओलांडलेली, एकट्या राहायच्या. त्यांचे वडील बॅरिस्टर. छातीच्या दुखण्यामुळे मुंबई सोडून ते लोणावळ्याच्या हवेला आले आणि इथलेच झाले. ते वारल्यावर मोटार बंगल्याच्या गॅरेजात विटांवर चढवून ठेवलेली होती. आता बंगला विकायचा ठरला होता आणि मोटार मुंबईतल्या एका शौकिनाकडे जायची होती.

“हिच्या कमरेशी एक रेघ होती,” बाई म्हणाल्या. “कंपनीतूनच आलेली. ती मला तशीच्या तशी हवी आहे.”

“रंग कोणता होता, बाई?”

“तेच तर आठवत नाही.”

मग थोडं थांबून त्यांनी सांगितलं. गाडी नवी आली तेव्हा त्या सात वर्षांच्या होत्या. आई त्यांचा हात धरून गाडीभोवती फिरायची, दोघींचं बोट त्या रेघेवर, आणि तोंडानं आगगाडी निघाली, आगगाडी निघाली. वडील आतून ओरडायचे, डाग पडतील. त्याच थंडीत आई गेली. मालतीबाईंना पुण्याला मावशीकडे ठेवलं. दोन-तीन वर्षांनी एका सुट्टीत त्या घरी आल्या, तर वडिलांनी गाडी पार काळी करून घेतलेली होती. का, ते विचारायची तेव्हा पद्धत नव्हती.

“मला आईचा चेहरा नीट आठवत नाही, पेंटर. तिचं बोट आठवतं, बांगड्या आठवतात. बोटाखाली काय होतं तेवढं आठवत नाही. गाडी जायच्या आत मला ते एकदा बघायचं आहे.”

असं काही ऐकलं की कामाला नाही म्हणता येत नाही. मी हो म्हणालो आणि शोधाला लागलो.

पहिल्यांदा माणसं विचारावीत. बंगल्यावर पूर्वी स्वयंपाकाला असलेल्या आजी वलवणातच होत्या. त्या छातीठोकपणे म्हणाल्या, रेघ पांढरी होती. त्यांना आठवत होते ते लढाईच्या दिवसांतले पट्टे. काळोखात गाडी दिसावी म्हणून त्या वेळी मडगार्डांच्या कडांना पांढरा रंग मारायचा हुकूम होता. बाजारातल्या वाण्यानं सोनेरी सांगितलं. श्रीमंताच्या गाडीची रेघ वाण्याला सोनेरी दिसली यात त्याचा दोष नाही. बाईंनी विलायतेला कंपनीकडे विचारणा केली होती, तिकडून कळलं की जुने कागद लढाईत जळाले. घरात एक फोटो सापडला, गाडी आली त्या दिवसाचा. पण त्यात सगळा गोतावळा गाडीला पाठ लावून असा ओळीनं उभा होता, की चाकं आणि टप सोडून गाडीचं काही दिसत नव्हतं. रेघेच्या बरोबर पुढे एका मामांचं पोट होतं.

माणसं संपली की गाडीला विचारायचं. त्याची एक रीत आहे. काळा बारीक कागद पाण्यात भिजवायचा, आम्ही त्याला पाणी-पेपर म्हणतो, आणि एका जागी हलक्या हातानं गोल गोल घासायचं. मधे खोल आणि कडेला उथळ. मग कांदा आडवा कापल्यावर दिसतात तशी एकात एक वलयं दिसतात. प्रत्येक वलय म्हणजे गाडीला चढलेला एकेक रंग. सगळ्यात बाहेरचा सगळ्यात अलीकडचा. मी दारांवर घासून बघितलं. काळा, त्याखाली आणखी एक काळा, आणि मग एकदम पत्रा. कमरेशी कुणीतरी पहिला काळा मारण्याआधी सगळं खरवडून काढलेलं होतं. डिकीच्या आत मूळ रंग मिळाला, गर्द निळा. पण रेघ नव्हती. मागच्या दिव्याखाली, कंपनीच्या बिल्ल्यामागे, बिजागऱ्यांच्या सांदीत, सगळीकडे शोधलं. कुठेच नाही.

हात टेकायची वेळ आली तेव्हा बॉनेटच्या डाव्या बाजूकडे लक्ष गेलं. दिव्यापासून निघून दाराच्या अलीकडे थांबणारी एक चिंचोळी पट्टी होती आणि तेवढ्याच पट्टीत काळ्या रंगाला पोपडे आले होते. बाकी सगळा रंग धड. मी पोपडे अलगद उचलले, कडेनं पाणी-पेपर फिरवला. आत लाल होतं. चांगलं भडक, केशरीकडे झुकणारं लाल. खरं सांगतो, मी हातातला कागद टाकून देऊन शेडमध्येच दोन गिरक्या घेतल्या. समोरच्या हॉटेलवाल्याला वाटलं, मला विंचू चावला.

शनिवारी बाई मुंबईहून आल्या. मी त्यांना जागा दाखवली. त्या वाकून खूप वेळ बघत राहिल्या.

“लालच होती,” म्हणाल्या. “हो. लालच. आता आठवलं.”

त्यांचे डोळे भरून आले. मला अभिमान वाटला. माणसाची आठवण बिचारी फार गरीब असते, दाखवाल ते कबूल करते, हे मला तेव्हा कळायला हवं होतं. मी तो लाल हुबेहूब कालवला. आधी सगळ्या अंगावर निळा चढवला, फक्त नमुन्याची ती डावी बाजू तेवढी उघडी ठेवली. मग उजव्या बाजूला बॉनेटपासून मागपर्यंत लाल रेघ ओढली. सुंदर आली होती. तरी एक गोष्ट मनात खुपत होती. डावीकडची जुनी रेघ एकसारखी नव्हती. कुठे बोटभर रुंद, कुठे अर्धी, मधे तर चक्क पोट सुटलेलं. कारखान्यातल्या माणसानं अशी रेघ ओढावी? मी स्वतःची समजूत घातली, की विलायतेतल्या माणसाचंही एखाद्या सोमवारी डोकं दुखत असेल.

पण रेघ मूळची किती रुंद होती हे कुणीतरी सांगायला हवं होतं. बाईंना त्यांच्या जुन्या ड्रायव्हरची आठवण झाली. गेनूभाऊ, बेडश्याचे. गाडी बंदरावरून आणायला तेच गेले होते आणि बॅरिस्टर वारले तोवर दुसऱ्या कुणी तिला हात लावला नव्हता. नंतर ते गावी जाऊन शेती करत होते. मी दूधवाल्याबरोबर निरोप धाडला. उलटा निरोप आला, भात कापून पडलंय, झोडणी झाल्याबिगर येत न्हाई. बरोबरच होतं. रेघ पावसानं भिजली तर काही बिघडत नाही, भाताचं तसं नसतं.

ते आले दिवाळी उलटून गेल्यावर. तोही शनिवारच होता आणि बाई शेडमध्येच होत्या. धोतर, डोक्याला पटका आणि अंगात ड्रायव्हरचा जुना खाकी कोट. कोटाची पितळी बटणं जाऊन त्या जागी साधी आली होती. कामशेतपर्यंत चालत येऊन त्यांनी पॅसेंजर धरली होती. बाईंना बघून त्यांनी हात जोडले.

“लय वाळलासा, बाय,” म्हणाले.

“तुम्ही तरी कुठं तसेच आहात, गेनूभाऊ?”

मग ते गाडीकडे वळले. आधी चारी चाकं बघितली, एकेकाला पायानं ढकलून. बॉनेट उघडून आत डोकावले. दार उघडून वास घेतला. आत बसा म्हटलं तर बसले नाहीत. उजवीकडून फिरताना माझी रेघ दिसली.

“ही कुनी वडली?”

“मी.”

“ब्येस हाय. हात चांगला हाय तुमचा. पन ही अशी न्हवती.”

“रुंदी चुकली का?”

“रंग बी चुकला. समदंच चुकलंय.”

माझा पारा चढला. मी त्यांना दंडाला धरून डावीकडे नेलं आणि म्हणालो, हा बघा पुरावा, गाडीच्या अंगावरचा. ते वाकले. कोटाच्या बाहीनं चष्मा पुसून पुन्हा वाकले. मग तिथंच पालथ्या घातलेल्या डब्यावर बसले. बाईंनी विचारलं, बरं वाटत नाही का?

“पेंटर,” ते म्हणाले, “ह्यो कंपनीचा रंग न्हाई. ह्यो शेंदूर हाय.”

गाडी काळी व्हायच्या आधी दर दसऱ्याला तिची पूजा असायची. ती करायची त्यांची बायको. वाटीत शेंदूर तेलात कालवायचा आणि दिव्यापाशी उभं राहून बोटानं रेघ ओढत दाराकडे न्यायची, हात पुरेल तिथवर.

“कंपनीच्या रेगंवरनंच न्यायची बोट. वाकडं जाऊ नये म्हून. तरी वाकडं जायाचंच. पूजंच्या टायमाला गाडी ग्यारेजात उजवीकडं भितीला लागून ऱ्हायाची, मानूस जात न्हवतं, म्हून डावीकडंच. मी म्हनायचो, अगं पुरं, गाडी हाय का म्हसोबा? तर म्हनायची, तुमास्नी घेऊन घाट उतरती, तिला नको व्हय?”

“अनसूयाबाईंची रेघ आहे ही?” बाईंनी विचारलं.

त्यांनी होकारार्थी मान हलवली. बायकोचं नाव त्यांनी तेव्हाही घेतलं नाही, नंतरही नाही. म्हणायचे, आमची कारभारीन.

मला मग सगळं कळलं, आणि ते आमच्याच धंद्यातलं होतं म्हणून जास्त कळलं. ज्या मिस्त्रीनं गाडी काळी केली, त्यानं बाकी सगळं अंग पत्र्यापर्यंत खरवडलं, पण ह्या पट्टीवर त्याचा हात अडखळला. देवाचा शेंदूर खरवडायला आमच्याकडे कुणी धजत नाही. त्यानं हात जोडले असतील आणि वरूनच काळा मारून मोकळा झाला असेल. मी असतो तर मीही तेच केलं असतं. तेलावर रंग धरत नाही, म्हणून पोपडे आले. आणि ज्याला मी विलायती माणसाचं काम समजून उजव्या बाजूला उतरवलं होतं, ते बेडश्याच्या एका बाईचं बोट होतं.

तेवढ्यावर थांबलो असतो तर बरं होतं. पण विचार तोंडातून बाहेर पडून गेला. “म्हणजे कंपनीची रेघ अजून तिथंच असणार. शेंदराच्या खाली. तेलानं जपलेली.”

मग तिघांनीही त्या पट्टीकडे बघितलं. साऱ्या गाडीवर ती रेघ उरली असेल तर फक्त त्या दोन-तीन हातांच्या तुकड्यात, आणि ती बघायची तर वरचा शेंदूर काढायला हवा.

“किती रुंद होती आणि कसला रंग होता, ते तुम्हीच सांगा ना,” मी गेनूभाऊंना म्हणालो. मला त्यातून सुटका हवी होती.

“बारीक व्हत्या. दोन. पिवळ्या. न्हाई, पिवळ्या न्हाई म्हनता यायच्या. भाताला दूध भरतं तवा लोंबी कशी दिसती? तशा.”

रंगाचं हेच वाईट. डोळ्यासमोर लख्ख असतो, पण बोलून दाखवल्यावर त्यातून एक थेंबही कालवता येत नाही. लोंबीच्या पन्नास छटा मी त्यांना करून दाखवल्या असत्या आणि ते प्रत्येकीला म्हणाले असते, जवळपास हाय.

“राहू दे,” मालतीबाई एकदम म्हणाल्या. “पेंटर, लालच राहू दे. डावीकडच्या रेघेला तर तुम्ही हातही लावू नका.”

गेनूभाऊ उठून उभे राहिले. “असं कसं, बाय? आईसायब तुमास्नी घिऊन हिच्याभवती फिरायच्या. मी बघितलंय की. मी तितं फडकं घिऊन हुभा असायचो, तुमी गेल्याव डाग पुसाया.”

“तुमच्याकडे त्यांचा फोटो आहे?” बाईंनी विचारलं.

“कुनाचा, कारभारनीचा? कुनी काडलाय?”

“दुसरं काही?”

“लुगडी वाटली. जातं सुनंकडं हाय. हे हाय तेवढं.” आणि मग स्वतःशीच म्हणाले, “आन हे हाय, ते बी आजपातुर ठावं न्हवतं.”

बाई रडायला लागल्या. मी म्हणालो, “भाऊ, माझा हात काही व्हायचा नाही. सरळ सांगतो.”

“तुमी कशाला? मी काडतो. द्येवाचा शेंदूर परक्यानं काडू न्हाई. घरच्यानं काडला तर चालतंय.” बाई काही बोलू लागल्या तसे त्यांच्याकडे वळून म्हणाले, “मारुतीचं शेंदराचं कवच बी कवातरी सुटतंयच की, बाय. खाली मारुतीच असतो.”

मी टर्पेंटाइन दिलं, मऊ फडकं दिलं, जोर लावू नका म्हणून सांगितलं. त्यांनी फडकं खाली ठेवलं. तर्जनी टर्पेंटाइनमध्ये बुडवली आणि बायकोचं बोट जिथं थांबलं होतं, तिथून, दाराकडून, सुरुवात केली. एकेक वीत, हळूहळू, दिव्याकडे. शेंदूर मऊ होऊन त्यांच्या बोटावर यायचा, बोटावरून तळहातावर. पोट सुटलेल्या जागी ते जरा जास्त वेळ थांबले. मी श्वास रोखून उभा होतो. हातात ब्रश नसताना मी श्वास रोखला ती माझ्या आयुष्यातली तेवढीच वेळ.

खालून रेघ आली. दोन बारीक समांतर रेघा, मधे काडीएवढी जागा, जणू काल ओढल्या होत्या. रंग खरोखरच दूध भरल्या लोंबीचा, हिरवट, त्यात पिवळ्याची नुसती चाहूल. मालतीबाईंनी बोट पुढे केलं, मागे घेतलं, आणि मग टेकवलं.  मी ते बघायला नको म्हणून बाहेर आलो.

पुढचं सगळं धंद्यातलं. तो रंग कालवायला मला आठवडा लागला. उजवीकडची लाल रेघ पुसली आणि निळ्यावर त्या दोन रेघा साऱ्या गाडीभोवती फिरवल्या. इतकं सरळ काम मी पुन्हा कधी केलं नाही. फक्त डावीकडचा तो तुकडा मी रंगवला नाही, तो कंपनीच्या माणसाचा तसाच ठेवून माझी रेघ त्याला नेऊन जोडली. जोड कुठं आहे ते मुंबईच्या शौकिनालाही सापडलं नाही. गाडी गेली त्या दिवशी बाईंनी तिच्याभोवती एक पूर्ण चक्कर मारली आणि मग टांग्यात बसल्या. त्यानंतर त्या लोणावळ्याला आल्या असतील तर मला माहीत नाही. गाडी आज कुठं आहे, आहे की भंगारात गेली, तेही माहीत नाही. एकदा तरी तिला बघावं असं फार वाटतं. जुनी निळी गाडी दिसली की अजूनही मान वळते.

पण त्याहून जास्त आठवतो तो त्या शनिवारी गेनूभाऊंना पाजलेला चहा. समोरच्या हॉटेलातून कप-बशी आली. मी म्हणालो, भाऊ, रॉकेल आहे, साबण आहे, आधी हात धुऊन घ्या.

“ऱ्हाऊ द्या,” म्हणाले.

त्यांनी डाव्या हातानं कप कलता करून बशीत चहा ओतला आणि बशी डाव्या हातानंच तोंडाला लावली. त्या पिढीचा माणूस डाव्या हातानं खात-पीत नाही. उजवा हात त्यांनी मांडीवर उताणा ठेवला होता, मनगटापर्यंत लाल झालेला.  स्टेशनवर सोडायला गेलो, तेव्हा तिकिटाचे पैसे कोटाच्या उजव्या खिशात होते, ते त्यांनी मला काढायला सांगितले.

“घरला जाऊस्तवर तरी ऱ्हाऊ द्या,” एवढंच म्हणाले.

पॅसेंजर आली. दारातला दांडा त्यांनी डाव्या हातानं धरला, मी मागून आधार दिला आणि ते वर चढले. आत बसायला जागा होती, पण ते दारातच उभे राहिले. गाडी सुटली तेव्हा उजवा हात त्यांनी छातीशी धरला होता, कुणाचा धक्का लागू नये म्हणून.